तळातल्या माशांचं जेवण

कोरीडोरास, म्हणजे टँकच्या तळाशी राहणारे छोटे मिशाळ मासे, वरच्या माशांचं उष्टं खाऊन जगतात, हा समज आधी काढून टाका. वरचे मासे काही उरूच देत नाहीत! रात्री टँकचा लाइट बंद केला की थोड्या वेळाने बुडणाऱ्या गोळ्या टाका, त्याही दोन-तीन ठिकाणी. एकाच कोपऱ्यात टाकल्या तर एखादा दांडगा मासा तिथेच ठाण मांडतो. सकाळी उरलेलं सायफनने काढा, नाहीतर सडून अमोनिया वाढतो. अधूनमधून फ्रोझन ब्लडवर्म (गोठवलेल्या लाल अळ्या) दिलेत तर अंगाने छान भरतात. खाली बारीक वाळूच हवी, टोकदार खडीने मिशा खराब होतात. आणि एकटादुकटा नको, किमान ६ ठेवा. प्लेको या तळातल्याच दुसऱ्या माशाचं प्रकरण वेगळं. त्याला काकडीची चकती आवडते, पण कॉमन प्लेको फूटभर वाढतो. छोट्या टँकसाठी आणूच नका.