कीबोर्डवरची पुसलेली चार अक्षरं आणि बारावीचा फॉर्म

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगा अकरावी सायन्सला आहे, म्हणतोय बारावीचा फॉर्मच भरत नाही, वॅलोरंट हा कॉम्प्युटरवरचा शूटिंग गेम खेळून प्रोफेशनल गेमर होणार. तुम्ही लिहिलंय, 'कीबोर्डवरची डब्ल्यू, ए, एस, डी ही चार अक्षरं घासून पुसली गेलीत, जर्नल मात्र कोरं. हे आत्ताचं खूळ आहे, उतरेल ना?' तुमची काळजी कळते हो, पण आधी तो खूळ शब्द बाजूला ठेवा, कारण बापलेकाचं बोलणं बहुतेक तिथेच तुटतंय.

हे आत्ताचं नाहीये. १९७२ ला अमेरिकेत स्टॅनफर्डच्या लॅबमध्ये स्पेसवॉर या कॉम्प्युटर गेमची स्पर्धा झाली होती, बक्षीस काय तर एका मासिकाची वर्षभराची वर्गणी. १९८० ला अटारी या गेम कंपनीने स्पेस इन्व्हेडर्स या गेमची स्पर्धा घेतली, दहा हजारांवर लोक उतरले, जिंकली रेबेका हाइनमन, शाळकरी वयाची, आणि १९८३ मध्ये इंटरप्ले ही गेम कंपनी ज्यांनी काढली त्यांत ती होती, प्रोग्रामर म्हणून. हे लक्षात ठेवा, मी परत याच्यावर येणारे.

आता त्या चार अक्षरांचं सांगते. १९९७ ला क्वेक या शूटिंग गेमची मोठी स्पर्धा झाली, आधी ऑनलाइन फेऱ्या आणि मग अटलांटाला फायनल, आणि गेम बनवणाऱ्या जॉन कार्मॅकने बक्षीस म्हणून स्वतःची लाल फेरारी लावली. ती जिंकली डेनिस फाँग या वीस वर्षांच्या पोराने, गेममधलं नाव थ्रेश. तेव्हा बरेच जण बाणाच्या कळांवर खेळायचे, हा मात्र डावा हात डब्ल्यू-ए-एस-डी वर आणि उजवा माउसवर ठेवायचा, त्यामुळे अंगठा स्पेसबारवर, करंगळी शिफ्टवर, हत्यार बदलायचे आकडे वर हाताशीच. त्याचं बघून ही पद्धत सगळीकडे पसरली. तुमच्या घरच्या कीबोर्डवर जे पुसलंय ना, ते त्याच ठेवणीने पुसलंय. याच फाँगने पुढे खेळणं सोडून कंपन्या काढल्या, त्यातली एक्सफायर ही गेमर्ससाठीची चॅट सेवा २००६ ला १० कोटी २० लाख डॉलरला विकली गेली.

खेळणं हीच नोकरी असं खरं झालं ते दक्षिण कोरियात. १९९७ च्या मंदीनंतर तिथे गल्लोगल्ली गेमिंग कॅफे निघाले, १९९८ ला स्टारक्राफ्ट हा डावपेचांचा गेम आला, मग टीव्हीवर मॅचेस, २००० ला या स्पर्धांची अधिकृत संघटना. स्टारक्राफ्टचा खेळाडू लिम यो-ह्वान तर असा स्टार झाला की सक्तीच्या लष्करी सेवेत गेला तेव्हा हवाई दलाने गेमर्सची स्वतःची टीम उभी केली. पण हीच पोरं टीमच्या घरात एकत्र राहून दिवसाला दहा-दहा तास सराव करायची, आणि जागा होत्या मोजक्याच. तिशीच्या आतच बहुतेकांचं खेळणं संपायचं.

म्हणून माझं स्पष्ट मत, बारावीचा फॉर्म भरायचाच, यात तडजोड नको. रेबेकाला आणि फाँगला आयुष्यभर पुरलं ते बक्षीस नव्हे, गेमच्या आजूबाजूचं जे शिकले ते. पण कीबोर्ड कपाटात टाकू नका, त्याने पोरगं कॅफेत जाईल आणि तुम्हाला कळणारही नाही. वर्षभराचा करार करा, सरावाचे तास ठरलेले, कॉलेज आणि प्रॅक्टिकल चुकवायचं नाही, आणि नुसतं रँक नाही तर टीम करून निदान तीन-चार स्पर्धांत उतरायचं. हरलेल्या मॅचचं रेकॉर्डिंग बघून तो चुका लिहून काढतो का, हे बघा. काढत असेल तर पोरगं सिरीयस आहे, नसेल तर नुसतं खेळतंय आणि त्याला ते प्रेमाने सांगता येईल. कॉलेजच्या फेस्टमध्ये स्पर्धा भरवायला सांगा, सामन्यांचं वेळापत्रक, नेट, स्ट्रीमिंग, कॉमेंट्री, यातलं काय जमतं तेही कळेल, कारण या क्षेत्रात खेळाडूंइतकीच या लोकांचीही गरज लागते. पैसे लावायच्या ॲप्सपासून मात्र लांब, आपल्याकडच्या २०२५ च्या कायद्यानेही ते आणि ई-स्पोर्ट्स, म्हणजे अशा गेम्सच्या स्पर्धा, वेगवेगळं धरलंय.

आणि एक करा, आज रात्री त्याच्या शेजारी खुर्ची टाकून एक अख्खी मॅच बघा, मध्ये काही न बोलता. मग त्याचं आत्ताचं रँक, टीम आहे का आणि अकरावीचे मार्क, तिन्ही मला कळवा, जमलं तर पुढचं पत्र त्यालाच लिहू द्या.