आधी ती वही शोध

प्रिय बाळा,

सप्रेम आशीर्वाद.

तुझ्या प्रकल्पाचा आराखडा वाचला. एम.ए.ला नेहमीच्या प्रबंधिकेऐवजी स्वतःच्या कथा आणि त्यांवर विवेचन असा प्रकल्प करायला विभागानं होकार दिला, याचं मला जास्त अप्रूप वाटलं. पण ‘१९८२च्या गिरणी संपाचा कामगार जीवनावरील परिणाम’ हे शीर्षक आधी खोडून टाक. १८ जानेवारीला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, हे सांगायला कथा कशाला हवी?

तुझा खरा विषय तिसऱ्या पानावरच्या तळटिपेत दडून बसलाय. तुझी आजी लालबागला खानावळ चालवायची. कोकणातून, घाटावरून एकटे आलेले गडी अशाच बायकांच्या हातचं जेवायचे, पगाराला पैसे चुकते करायचे. पगारच बंद झाला तेव्हा तिच्या हिशेबाच्या वहीचं काय झालं? महिन्याचे खाडे वजा करून हिशेब करणारी बाई, गडी गावाला निघून गेल्यावर खाडा मांडणार की उधारी? इथे तुला संशोधनाचा प्रश्न सापडतो, आणि तो लेखनाचा प्रश्न आहे: हिशेबाच्या नोंदींमधून गोष्ट सांगता येते का? सर्जनशील लेखनाच्या प्रकल्पात मला असाच प्रश्न हवा. कथा लिहिल्याशिवाय त्याचं उत्तर मिळत नाही.

मुलाखतींना जाशील तेव्हा ‘संपाबद्दल काय वाटतं’ असं विचारू नकोस. पाठ केलेलं भाषण ऐकायला मिळेल. वही कोण लिहायचं ते विचार. बाई स्वतः, की शाळेत जाणारा मुलगा? मुलगा लिहीत असेल तर तुझा निवेदकच बदलला. आधी काय कमी झालं, चपात्या की मासळी? पहिल्या आणि तिसऱ्या पाळीच्या जेवणाच्या वेळा काय होत्या, भोंगे थांबल्यावर चूल कधी पेटायची? प्रेमाताई पुरवांनी १९७५ साली खानावळवाल्यांसाठी सुरू केलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळाबद्दलही वाच. म्हणजे या बायका सावकाराच्या कर्जापायी कशा पिचत होत्या ते कळेल, आणि तुझी नायिका नुसती सोशीक होणार नाही. सोशीक आज्या मराठी कथेत भरपूर झाल्या.

संमतीपत्रावर सही मागण्याआधी चार वाक्यं नीट बोल. गिरणगावात सही म्हटलं की लोकांना गिरणी कामगारांसाठीच्या घरांच्या लॉटरीचे कागद आठवतात. नावं बदल, आणि कथा झाली की त्यांना वाचून दाखव. तुझ्या घरच्यांनाही हेच लागू, किंबहुना जास्तच.

जुनी वर्तमानपत्रं जरूर चाळ, पण त्यांत रमू नकोस. मला तर वाटतं, निम्मे प्रकल्प वाचनालयातच बुडतात. अजून एक संदर्भ मिळाला की लिहायला बसू, असं म्हणत वर्ष संपतं. दोन मुलाखती झाल्या की पहिला खर्डा काढ. काय माहीत नाही ते खर्डाच सांगेल, मग परत जा.

विवेचनात स्वतःच्या कथांचा अर्थ सांगत बसू नकोस. कुठला प्रसंग का कापला, प्रथमपुरुषी निवेदन का सोडलं, कोणाची हकीकत वापरायचं का टाळलं, हे लिही. त्यासाठी रोज तारीख घालून चार ओळी टिपून ठेव. शेवटच्या महिन्यात आठवून लिहिलेली कारणं सगळी शहाणपणाची निघतात, म्हणून मी त्यांवर विश्वास ठेवत नाही. कथा किती शब्दांच्या, विवेचन किती, गुण कशाला किती, हे मात्र विभागाकडून आत्ताच लेखी घे. तोंडी आश्वासनं परीक्षक बदलला की हवेत जातात.

मार्गदर्शकांना पहिली कथा दिवाळीआधी दे. ते दिवाळीनंतरच वाचतील, तो भाग वेगळा. मला पाठवशील तेव्हा प्रस्तावना नको, कथाच पाठव. आणि ती वही घरात कुठे सापडली तर तिच्या एका पानाचा फोटोही.

तुझा,
सर