नाचणी रोज खा, पण हिमोग्लोबिनसाठी तिच्या भरवशावर राहू नका

तुमची पोस्ट दोनदा वाचली. पाच वर्षांची मुलगी, हिमोग्लोबिन ९.२, काही महिने रोज सकाळ-संध्याकाळ दुधातून नाचणीचं सत्त्व, तरी आकडा जागचा हलत नाही, वर पोटही साफ होत नाही. सासूबाई म्हणतात प्रमाण वाढव, मिस्टर म्हणतात बंद कर, आणि तुम्ही विचारताय की ऐकू कोणाचं. नावं बदलली तर ही आमच्याच घरची गोष्ट आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी सांगून टाकतो, मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. मूळचे आम्ही गगनबावड्याकडचे, आता पुण्यात. घरात भाकऱ्या मीच थापतो आणि त्यात नाचणीच्या जास्त असतात. माझा अनुभव एका मुलाचा आहे, त्यामुळे औषधाबिषधाचं तुमच्या डॉक्टरांना विचारूनच काय ते करा. नाचणीत ग्लूटेन नसतं, पोट भरलेलं राहतं वगैरे बाकीच्यांनी लिहिलंय, ते पुन्हा उगाळत नाही.

माझं उत्तर असं: नाचणी बंद करू नका, वाढवूही नका, आणि हिमोग्लोबिनची जबाबदारी तिच्यावर टाकू नका.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते नव्याने काढले. त्यात १०० ग्रॅम नाचणीत कॅल्शियम ३६४ मिलिग्रॅम आहे. गव्हाच्या पिठात ३१ च्या आसपास, पॉलिशच्या तांदळात जेमतेम साडेसात. या बाबतीत नाचणीच्या जवळपास फिरकेल असं रोजच्या खाण्यातलं दुसरं धान्य नाही. आता त्याच तक्त्यात लोह बघा. नाचणी ४.६ मिलिग्रॅम, गव्हाचं पीठ ४.१, ज्वारी साधारण ४, बाजरी ६.४. म्हणजे केवळ लोहासाठी धान्य बदलायचं तर बाजरीकडे जायला हवं, नाचणी गव्हापेक्षा अर्ध्या मिलिग्रॅमने पुढे आहे इतकंच. प्रथिनं तर नाचणीत ७.२ ग्रॅम, तांदळापेक्षाही किंचित कमी. तरी प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर 'नाचणी म्हणजे रक्तवाढ' हे फिरतच असतं. रंग तांबडा म्हणून की काय, कोण जाणे.

तुमच्या मुलीच्या वयाला, म्हणजे ४ ते ६ वर्षांना, दिवसाला लोह ११ मिलिग्रॅम लागतं आणि कॅल्शियम ५५०. दोन लहान भाकऱ्यांना ६० ग्रॅम पीठ धरा. त्यातून कॅल्शियम मिळतं सव्वादोनशेच्या घरात, जवळजवळ पेलाभर दुधाइतकं, आणि ते चांगलंच आहे. लोह मात्र पावणेतीन मिलिग्रॅम. तेही सगळं अंगी लागत नाही, कारण नाचणीच्या तांबड्या सालीत टॅनिन असतात, दाण्यात फायटेट असतं, आणि दोन्ही लोहाला आतड्यात धरून ठेवतात. तांदळासारखी नाचणी पॉलिश करता येत नाही, साल दाण्याला घट्ट चिकटलेली असते, म्हणून ती आपण सालीसकटच खातो. तिचं कॅल्शियम आणि तंतू त्या सालीमुळेच टिकतात आणि लोहाची अडचणही तिथेच होते. त्यात तुम्ही ती देताय दुधातून. दुधातलं कॅल्शियम लोहाचं शोषण आणखी कमी करतं, शिवाय दोन पेले दूध प्यायलेलं पोर जेवायला बसलं की चार घास खाऊन उठतं.

हे सगळं मला कोणी सांगितलं नाही आणि ज्यांनी सांगायला हवं होतं त्यांनी नेमकं उलटं सांगितलं. तेव्हा मुलाला एका आहार-सल्ला केंद्रात नेत होतो. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. बाहेर बूट काढायचे, आत लॅमिनेट केलेला तक्ता, त्यावर तांबड्या अक्षरात 'लोहाचा खजिना' आणि खाली नाचणीच्या कणसाचं चित्र. मुलगा त्या काळात भिंतीचे पोपडे सोलून खायचा. गॅलरीतल्या कुंडीतली माती तोंडात घातलेली बायकोने पकडली होती. हे तिथल्या बाईंना सांगितलं तर त्या हसून म्हणाल्या, 'कॅल्शियम कमी आहे हो, म्हणून माती खातो. सत्त्व दोन वेळा करा, दुधातूनच द्या.' सत्त्वाचा डबा त्यांच्याच काउंटरवर मिळायचा. पुढे कधीतरी त्याची बारीक अक्षरं वाचली तर घटकांत पहिलं नाव साखरेचं, नाचणी दुसरी.

माती, खडू, बर्फ, कच्चे तांदूळ असं काहीबाही खावंसं वाटणं हे लोह कमी असल्याचं लक्षण असू शकतं, हे बालरोगतज्ज्ञ पहिल्या भेटीत विचारतात. तिथे कोणी विचारलं नाही. पुन्हा रक्त तपासूया का म्हटलं की 'नैसर्गिक उपायाला वेळ द्या' हे ठरलेलं वाक्य. लोहाचं औषध विचारलं तर 'ते उष्ण पडतं, दात काळे होतात.' वजन करायचे, नवा तक्ता द्यायचे, पावती फाडायचे. पैसे गेले त्याचं मला फार नाही. पोरगं खेळताना दमून पायरीवर बसायचं आणि आम्ही त्याला आळशी म्हणायचो, ते अजून सलतं. नंतर तक्रारीचं पत्र दिलं, उत्तर आलं की 'आमचे तक्ते सर्वसाधारण स्वरूपाचे असतात.' मग फी कशाची घेत होतात, असं विचारणार होतो, पण बायकोने फोन हातातून काढून घेतला.

असो. गाडी रुळावर आली ती साध्या फॅमिली डॉक्टरांमुळे. त्यांनी हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन करायला लावलं. शरीरातला लोहाचा साठा त्यात कळतो. जंताची गोळी दिली आणि वजनावर हिशोब करून लोहाचं औषध सुरू केलं. तुम्हाला माझा पहिला सल्ला हाच: फेरिटिन झालं नसेल तर करून घ्या. ताप-सर्दी असताना करू नका, तेव्हा आकडा खोटाच वर दिसू शकतो. आणि मुलीला लोह कमी आहे म्हणून अपराधी वाटून घेऊ नका. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची जवळपास ६९ टक्के मुलं रक्तक्षयात निघाली होती. सरकारी कार्यक्रमात पाच वर्षांपर्यंत लोहाचं सिरप आणि ५ ते ९ वर्षांना आठवड्याला एक गुलाबी गोळी असते. शाळेत वाटत असतील तर 'माझ्या मुलीला नको' म्हणून चिठ्ठी पाठवू नका. डॉक्टरांचं औषध चालू असेल तर त्यांना गोळीबद्दल सांगा म्हणजे झालं.

औषधाबाबत आमच्याकडे जे उपयोगी पडलं ते असं: दुधाबरोबर नाही आणि दुधाच्या आगेमागेही नाही, लिंबूपाण्याबरोबर द्यायचं. ड्रॉपरने गालाच्या आत मागे सोडायचं आणि लगेच चूळ, म्हणजे दात डागाळत नाहीत. शी काळी होते, घाबरू नका. हिमोग्लोबिन ठीक झाल्यावरही साठा भरायला डॉक्टर दोनतीन महिने चालू ठेवायला सांगतात. बहुतेक जण तिथेच कंटाळून सोडतात आणि वर्षभरात पुन्हा तेच.

आता नाचणीकडे येतो, कारण मी तिच्या विरोधात आहे असा तुमचा समज व्हायला नको. आमच्या घरी ती रोज असते, पण जेवणात असते, औषध म्हणून नसते. दूध न आवडणारी मुलं, मासिक पाळी जाण्याच्या वयातल्या बायका, म्हातारी माणसं, यांच्यासाठी रोजच्या ताटात एवढं कॅल्शियम देणारं धान्य सोडणं म्हणजे वेडेपणा. फक्त तिची सोबत बदला. कोकणात नाचणीच्या भाकरीबरोबर कुळथाची पिठी खातात, ती उगाच नाही. कुळथात प्रथिनं बावीस टक्क्यांच्या आसपास आणि लोह नाचणीच्या जवळजवळ दुप्पट. नाचणीत जे अमायनो आम्ल (प्रथिनाचा एक घटक) तोकडं असतं, लायसीन, ते डाळी-कडधान्यात भरपूर असतं. वर लिंबू पिळा, किंवा ताटात आवळ्याचं लोणचं, कच्चा टोमॅटो, पेरूची फोड काहीही ठेवा. क जीवनसत्त्वाने धान्यातलं लोह जास्त शोषलं जातं. मांसाहार चालत असेल तर सुकट, जवळा, मटण. त्यातलं लोह सहज अंगी लागतंच आणि सोबतच्या भाकरीतलंही ओढून घेतं. आणि जेवणाबरोबर चहा नको. तुमच्या मुलीचा प्रश्न नसेल, पण तुम्ही स्वतः भाकरी-चहा खात असाल तर तुमचंही हिमोग्लोबिन एकदा बघा. बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं.

सत्त्वाबद्दल दोन शब्द. त्या एका नावाखाली बाजारात दोन वेगळ्या गोष्टी मिळतात. जुन्या पद्धतीत नाचणी भिजवून, वाटून, फडक्यातून दूध गाळून, खाली बसलेला साका वाळवतात. बाळाच्या पोटाला तो हलका, पण चोथ्याबरोबर तंतू गेले आणि बरंचसं कॅल्शियमही गेलं, कारण ते सालीत जास्त असतं. तुमची मुलगी पाच वर्षांची आहे, तिला तो गाळीव साका कशाला? पोट साफ न होण्यात त्याचा आणि दुधाचा हात असू शकतो, असं मला वाटतं (डॉक्टरांना विचारा). दुसरा प्रकार म्हणजे मोड आणून, सावलीत वाळवून, हलकं भाजून केलेलं पीठ. हे उत्तम. रात्रभर भिजवा, उपसून फडक्यात बांधा, दीडेक दिवसात सुईच्या टोकाएवढे पांढरे मोड दिसले की पसरून टाका. मोड आले की फायटेट बरंच कमी होतं. भाजताना करपवू नका, कडू होतं. त्याची पेज दुधाऐवजी गूळ आणि नारळाच्या रसात करा, गोव्यात तिझान करतात तशी. नारळाच्या रसात कॅल्शियम नगण्य असतं, त्यामुळे ती अडचणही मिटते.

आणि हो, ते 'मल्टीग्रेन नाचणी' बिस्किटांचे पुडे. मागची बाजू वाचा. पहिलं नाव मैदा किंवा गहू, नाचणी कंसात दहा-पंधरा टक्के. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झाल्यापासून या पुड्यांना ऊत आलाय. शेतकऱ्याला २०२५-२६ साठी नाचणीचा हमीभाव क्विंटलला ४,८८६ रुपये, म्हणजे किलोला पन्नाससुद्धा नाही, आणि इथे मॉलमध्ये अर्ध्या किलोच्या पाकिटाची किंमत बघून डोळे फिरतात. सुरगाणा-पेठकडची नागली म्हणा किंवा आमच्याकडचा नाचणा म्हणा, अख्खा दाणा घ्या आणि गिरणीतून दळून आणा. गिरणीवाल्याला सांगा की ज्वारीच्या मागून घाल, गव्हाच्या मागून नको. दाण्यात बारीक वाळू असते, ती पाखडून जात नाही. पाण्यात घालून रोवळीतून दोनतीनदा रोळून घ्या, वाळू तळाशी बसते. अख्खी नाचणी वर्षानुवर्षं टिकते, कीड सहसा लागत नाही, तेव्हा वर्षाची भरायला हरकत नाही.

भाकरी फाटते म्हणून कंटाळू नका. उकड काढा: पाणी खळखळलं की मीठ आणि पीठ घालून गॅस बंद, उलथन्याच्या दांड्याने ढवळून झाकण. जरा निवलं की परातीत पाण्याच्या हाताने भरपूर मळा, तळहाताच्या टाचेने. कडेला भेगा पडल्या तर पाणी कमी पडलंय. मुलीला काळी भाकरी आवडत नसेल तर तांदळाचं पीठ निम्मं घाला, किंवा घावन करा. आमचा मुलगा घावनावर लसणाची चटणी लावून खातो, सोबत शेवग्याच्या पाल्याची भाजी असली तर मी गप्प बसतो.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांना म्हणा, नाचणी चालूच आहे, फक्त दुधातून काढून भाकरीत आणलीय. बहुधा खूश होतील. मिस्टरांना हा २०१७ चा तक्ता दाखवा.

एक शेवटचं. औषध नीट, रोज, दुधाशिवाय दिलं तर साधारण महिन्याभरात हिमोग्लोबिन एक ग्रॅमने तरी वर यायला हवं. आलं नाही तर आपल्या मनाने डोस वाढवू नका आणि पुन्हा सत्त्वाकडेही वळू नका. डॉक्टरांना थॅलॅसेमिया मायनरच्या (आईवडिलांकडून येणाऱ्या सौम्य रक्तदोषाच्या) तपासणीबद्दल विचारा. त्यातही रक्तपेशी लहान आणि फिक्या दिसतात, पण लोहाची कमतरता असेलच असं नाही, आणि मग महिनोन्‌महिने लोह पाजून काही होत नाही. फेरिटिनचा आकडा आला की इथेच टाका.