आधी पाणी कुठलं ते सांगा

वाचकांचे प्रश्न : केसांची निगा

प्रश्न : ताई, मी मुखेड तालुक्यातली. शिकायला संभाजीनगरला आहे, वसतिगृहात राहते. केस कुरळे आणि लांब. गावाकडं आजी शिकेकाई उकळून द्यायची तेव्हा मऊ होते. इथं आल्यापासून काथ्यासारखे राठ झालेत. गुंता सुटत नाही, न्हाताना मुठीनं केस निघतात. मैत्रिणींचं ऐकून तांदळाचं पाणी, कांद्याचा रस, अंडं, दही सगळं लावून झालं. व्हिडिओत रोज नवीनच काहीतरी सांगतात. माझ्या केसांना नेमकं काय करू, ते एकदाचं सांगा.

उत्तर : तुझ्या पत्रात केसांबद्दल सगळं आहे, पण वसतिगृहाच्या नळाला कुठलं पाणी येतं ते नाही. मराठवाड्यातून आलेल्या पत्रांत हे नेहमी राहून जातं. ‘गावी चांगले होते, शहरात बिघडले’ असं वाचलं की मी आधी पाण्याचीच चौकशी करते. आपल्याकडं खाली बहुतेक ठिकाणी काळा बेसाल्ट. त्या खडकातून वर येणाऱ्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार बऱ्याच ठिकाणी भरपूर असतात. त्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, गिझरच्या कॉइलवर पांढरं कवच चढतं, बादलीला आतून पांढरी रेघ उमटते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची, म्हणजे या क्षारांच्या प्रमाणाची, इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, पण दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे प्यायला चालणारं पाणीही केसांना जड जाऊ शकतं.

तुझ्या पाण्याची परीक्षा खोलीतच करता येईल. दोन सारख्या रिकाम्या बाटल्या घे. एकीत नळाचं पाणी, दुसरीत जारचं, दोन्हींत सारखंच, तिसरा हिस्सा भरेल एवढं. दोन्हींत अंगाच्या साबणाचा नखाएवढा कीस टाक आणि सारखंच हलव. नळाच्या पाण्याला फेस कमी आला आणि ते दुधट दिसलं, तर पाणी जड, म्हणजे क्षारांचं आहे. ते दुधट म्हणजे साबण आणि क्षार मिळून तयार झालेला न विरघळणारा साका. साबणानं डोकं धुतलं की हाच साका केसांवर बसतो. केस साबणानं धूत असशील तर ते आजपासून बंद कर. शाम्पूचा असा साका होत नाही, पण पाण्यातले क्षार केसांवर थोडेफार बसतातच. पाण्यात तुरटी फिरवून उपयोग नाही. तुरटीनं गढूळपणा खाली बसतो, क्षार तिथंच राहतात. उकळूनही सगळा कठीणपणा जात नाही.

आता आजीच्या शिकेकाईकडं येऊ. शिकेकाईत सॅपोनिन असतं. त्यानं मळ निघतो, पण ते साबण नव्हे, त्यामुळं जड पाण्यातही त्याचा साका होत नाही. शिवाय शिकेकाई थोडी आंबट प्रकृतीची, केसांना ते मानवतं. पण तुझं गाव सुटलं तेव्हा शिकेकाईही सुटली आणि पाणीही बदललं. त्यातलं बिघाडाचं कारण कुठलं, हे आज तुलाही सांगता येणार नाही आणि मलाही. म्हणून एक कर. सुट्टीत घरी जाशील तेव्हा वसतिगृहातला शाम्पू सोबत ने आणि गावच्या पाण्यानं त्यानंच न्हा. परत येताना आजीकडून शिकेकाई आण आणि इथल्या पाण्यात ती वापर. गावी शाम्पूनंही केस मऊ राहिले तर दोष पाण्याचा. इथं शिकेकाईनं सुधारले तर शाम्पू बदलायला हवा. दोन्हीकडं फरक पडला तर दोन्हींचा वाटा आहे, आणि पुष्कळदा तसंच निघतं. शिकेकाई रात्री भिजव, सकाळी उकळ आणि फडक्यातून गाळून घे. नुसती पूड कालवून लावलीस तर कुरळ्या केसांत कण अडकतात आणि ते काढता काढता केस तुटतात.

पाण्याचाच दोष निघाला तर सगळं न्हाणं जारच्या पाण्यानं करायची गरज नाही. न्हाऊन झाल्यावर शेवटचा तांब्या तेवढा जारच्या पाण्याचा घे. त्यात चमचाभर लिंबाचा रस पिळ, डोळे मिटून केसांवरून ओत, मग जारचंच थोडं साधं पाणी. डोक्यावर ओरखडा किंवा पुरळ असेल तर लिंबू नको. माझं माहेर वसमतचं. आई पावसाची पहिली सर वाहून जाऊ द्यायची आणि मग पत्र्याच्या पागोळीखाली घंगाळ ठेवायची. त्या पाण्यात क्षार जवळपास नसतात. पावसाळ्यात तुमच्या गच्चीवर बादली ठेवता आली तर जरूर ठेव.

‘मुठीनं निघतात’ याची काळजी करण्याआधी निघालेले केस उजेडात धरून बघ. एका टोकाला पांढरी बारीक गाठ असेल तर केस मुळापासून सुटलाय. रोज ५० ते १०० केस असे सुटणं स्वाभाविकच आहे. कुरळ्या केसांत ते वेटोळ्यांत अडकून राहतात आणि न्हाण्याच्या दिवशी एकदम हातात येतात. गाठ नसलेले, आखूड तुकडे जास्त दिसले तर केस गळत नाहीत, तुटताहेत. मग पाणी, कंगवा आणि टॉवेल यांच्याकडं बघायचं. गाठीचे केस खरोखरच खूप वाढले असतील तर दोन-तीन महिन्यांमागं मोठा ताप, आजारपण किंवा उपासमारीसारखं डाएट झालं होतं का ते आठव. त्याचा परिणाम केसांवर असा उशिरानंच दिसतो. मेसचं जेवण अर्धं टाकून उठणाऱ्या मुलींना मी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्यायला सांगते. वरून काही लावून ही कमतरता भरत नाही. कांद्याच्या रसाचंच बघ. २००२ साली त्याचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला होता, पण तो चाई पडलेल्या लोकांवरचा. तुझा त्रास तो नाही. अंडं, दही राहू दे. आणि केस किती पाणी शोषतो ते ठरवायला पाण्याच्या ग्लासात केस टाकून ‘बुडाला की तरंगला’ बघायची व्हिडिओतली परीक्षाही सोडून दे. केसाला तेलाचं बोट लागलेलं असलं तरी तिचा निकाल बदलतो.

कुरळे केस कोरडे असताना विंचरू नकोस. कंडिशनर लावलेल्या ओल्या केसांतून आधी बोटं फिरव, मग जाड दातांचा कंगवा, आणि तोही टोकापासून वर वर. टॉवेलनं झटकू नकोस. आजीच्या जुन्या सुती लुगड्याचा तुकडा आण, त्यात केस गुंडाळून नुसते दाब. व्हिडिओत महागडं जेल दाखवतात, त्याचं काम आपल्या जवसानं होतं. चटणीला घेतो तेच जवस. दोन चमचे जवस दोन कप पाण्यात उकळ. अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार आली की गरम असतानाच पातळ कापडातून गाळ, गार झाल्यावर गाळलं जात नाही. ओल्या केसांना थोडंसं लावून कुरळ्या बटा मुठीत दाबून सोड. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं, वास बदलला की फेकून दे.

हे सगळं मात्र एकदम सुरू करायचं नाही. मला या पत्रात सर्वांत कळकळीनं सांगायचंय ते हेच. एका वेळी एकच बदल, आणि तो महिनाभर तरी. वहीच्या मागच्या पानावर तारीख, पाणी कुठलं, लावलं काय आणि दुसऱ्या दिवशी केस कसे होते, एवढंच लिहीत जा. मोसमही लिही. वैशाखातल्या घामाच्या डोक्याला जेवढ्या वेळा धुवावं लागतं, तेवढं पौषातल्या कोरड्या हवेत चालत नाही. केस महिन्याला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतात. आत्ता खराब झालेली टोकं परत पहिल्यासारखी होणार नाहीत, ती थोडी थोडी कापत जा. सुधारणा मुळाकडच्या नव्या केसांत शोध.

प्रश्न : माझ्या चौदा वर्षांच्या मुलीच्या डोक्यात खूप कोंडा आहे. सासूबाई म्हणतात डोकं कोरडं पडलंय, रोज तेल चोळ. तेल लावते तसा कोंडा वाढतोच. (सेलू, जि. परभणी)

उत्तर : तुमचं निरीक्षण बरोबर आहे. कोंडा बहुतेक वेळा कोरडेपणानं होत नाही. टाळूवर सगळ्यांच्याच एक सूक्ष्म बुरशी असते. टाळूच्या तेलकटपणावर ती जगते आणि काहींच्या त्वचेला तिचा त्रास होतो. रोज तेल म्हणजे तिला रोज खाऊ. सासूबाईंचंही सगळंच चुकीचं नाही, हे त्यांना आवर्जून सांगा. खोबरेल तेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी झीज कमी करतं. २००३ च्या एका अभ्यासात खोबरेलानं हे केलं, सूर्यफुलाच्या आणि खनिज तेलानं नाही. अभ्यास तेल विकणाऱ्या कंपनीच्या संशोधकांचाच होता, तेही लक्षात असू द्या. तेव्हा तेल केसांच्या लांबीला लावा, टाळूला नको, आणि तेही न्हाण्याच्या आधी तासभर. टाळूसाठी डॉक्टरांना विचारून कीटोकोनॅझोल या बुरशीनाशक औषधाचा शाम्पू आणा. आठवड्यातून दोनदा लावायचा आणि तीन ते पाच मिनिटं ठेवून मग धुवायचा. लावून लगेच धुतलात तर उपयोग होत नाही. महिनाभरात फरक पडला नाही किंवा जाड पापुद्रे निघायला लागले तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : बाजारातली काळी मेहंदी लावली की कपाळाला खाज सुटते, पापण्या सुजतात. मेहंदी तर झाडपाल्याचीच ना? (औसा, जि. लातूर)

उत्तर : ताई, ती पुन्हा लावू नका. मेहंदीच्या पानाचा रंग तांबूस-नारिंगीच येतो. पूड लावून तासाभरात केस काळेभोर झाले तर त्यात बहुधा पीपीडी (पॅरा-फिनिलीनडायमाइन) हे रसायन असतं. पाकिटाच्या मागं बारीक अक्षरात ते शोधा. एकदा त्याची ॲलर्जी झाली की सहसा आयुष्यभर राहते, आणि पुढच्या वेळी त्रास वाढू शकतो. तोंड सुजलं किंवा श्वास लागला तर लगेच दवाखाना गाठा. गडद रंग हवाच असेल तर आधी निव्वळ मेहंदी लावा, ती धुऊन वर नीळीच्या झाडाच्या पानांची पूड लावा. कपड्यांना घालतो ती नीळ नव्हे. दोन्ही पाकिटांवर दुसरं काही मिसळलेलं नाही ना, ते वाचून घ्या, आणि कानामागं थोडंसं लावून दोन दिवस वाट बघा.