मोठ्या फुटबॉल सामन्यांत जीवघेणे टॅकल करूनही खेळाडू लाल कार्डाशिवाय सुटतात कसे? तुमच्या मते सर्वांत वाईट टॅकल कोणता?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातूनच निघतं.

८ जुलै १९८२. स्पेनमधलं सेव्हिल, वर्ल्ड कपची सेमीफायनल, पश्चिम जर्मनी विरुद्ध फ्रान्स. स्कोअर १-१. फ्रान्सचा पॅट्रिक बातिस्तों बदली खेळाडू म्हणून नुकताच मैदानात आलेला. मिशेल प्लातिनीनं मधल्या फळीतून चेंडू सोडला आणि बातिस्तों एकटा गोलकडे धावत सुटला. समोरून जर्मनीचा गोलकीपर हाराल्ड शूमाकर पुढे आला. बातिस्तोंनं चेंडू मारला, तो पोस्टच्या बाहेरून गेला. व्हिडिओ थांबवत थांबवत बघा. चेंडू कधीच निघून गेलाय, तरी शूमाकर हवेत आहे, अंग फिरवून कंबर पुढे केलेली, आणि ती कंबर थेट बातिस्तोंच्या तोंडावर आदळते. बातिस्तों जागीच बेशुद्ध. दात पडले, मणक्याला इजा झाली. स्ट्रेचरवरून नेताना प्लातिनी त्याचा हात धरून शेजारून चालत होता. तो मेला असंच आपल्याला वाटलं होतं, असं प्लातिनीनं नंतर सांगितलं.

आणि रेफ्रीनं काय दिलं? गोलकिक. लाल नाही, पिवळं नाही, साधा फाऊलसुद्धा नाही. बातिस्तोंला बाहेर नेईपर्यंत शूमाकर गोलकिक मारायला तयार उभा. पुढे सामना ३-३ झाला, वर्ल्ड कपच्या इतिहासातलं पहिलं पेनल्टी शूटआउट झालं, आणि त्यात दोन पेनल्टी अडवून जर्मनीला फायनलला नेलं ते याच शूमाकरनं. सामन्यानंतर बातिस्तोंच्या दातांचं कळल्यावर तो म्हणाला, एवढंच असेल तर दात बसवायचे पैसे मी देतो. नंतर त्यानं जाऊन माफी मागितली, हेही खरं. पण माझ्यासाठी यापेक्षा वाईट टॅकल नाही. एक तर चेंडूशी त्याचा काडीचा संबंध नव्हता, आणि दुसरं म्हणजे ज्यानं तासाभरापूर्वी बाहेर जायला हवं होतं त्यानंच सामना जिंकून दिला.

बहुतेक लोक मात्र या प्रश्नावर २०१० च्या फायनलचं नाव घेतात. ते वय माझंही सामने रात्र जागून बघायचं होतं, त्यामुळे मला कारण कळतं. जोहान्सबर्ग, ११ जुलै, स्पेन विरुद्ध नेदरलँड्स. २८ व्या मिनिटाला हवेतल्या चेंडूसाठी स्पेनचा झाबी अलोन्सो डोकं घालायला गेला आणि नायजेल डी याँगचा बूट, तळ पुढे करून, त्याच्या छातीत. फुटबॉल न बघणाऱ्या माणसालाही तो फोटो दाखवला तर तो विचारेल, ही कुंगफूची मॅच आहे का? रेफ्री हॉवर्ड वेब. आधी इंग्लंडमध्ये पोलिसात नोकरी केलेला माणूस, घाबरट अजिबात नव्हे. त्यानं पिवळं दिलं. मधे खेळाडू आल्यानं नीट दिसलं नाही, ते लाल कार्डच होतं, हे त्यानं पुढे स्वतः मान्य केलं. तेव्हा वर्ल्ड कपला व्हीएआर (व्हिडिओ बघून रेफ्रीला मदत करणारी व्यवस्था) नव्हतं, त्यामुळे ‘दिसलं नाही’ हे मी मानतो.

पण आकडे बघा. १५ व्या मिनिटाला पहिलं पिवळं निघालं आणि २८ व्या मिनिटाला डी याँगचं निघालं तेव्हा ते पाचवं होतं. म्हणजे तेरा मिनिटांत पाच. वेब सामना हातात ठेवायला बघत होता आणि प्रत्येक पिवळ्याचा अर्थ नेदरलँड्सच्या खेळाडूंनी एकच काढला: इतपत चालतं. शेवटी चौदा पिवळी आणि एक लाल. ते लाल नेदरलँड्सच्या हायटिंगाला, दुसऱ्या पिवळ्याचं, १०९ व्या मिनिटाला. स्पेनच्या इनिएस्तानं ११६ व्या मिनिटाला गोल केला म्हणून देव पावला. नाहीतर ती फायनल आज लोकांना फक्त लाथांसाठी आठवली असती. खुद्द डच दिग्गज योहान क्रायफनं आपल्या देशाच्या त्या दिवशीच्या खेळावर सडकून टीका केली होती. तीन महिन्यांनी इंग्लंडच्या लीगमध्ये डी याँगच्याच टॅकलनं न्यूकॅसलच्या हातेम बेन आर्फाचा पाय मोडला आणि तिथे तर फाऊलसुद्धा मिळाला नाही. तेव्हा नेदरलँड्सच्या कोचनं त्याला राष्ट्रीय संघातून वगळलं. जे काम रेफ्रींनी करायचं ते कोचला करावं लागलं.

आता तुमचा पहिला प्रश्न. माझं मत साधं आहे. मोठ्या सामन्यात रेफ्रीला टॅकलची नाही, सामन्याची काळजी असते. जगभर करोडो लोक टीव्हीपुढे बसलेत, तिकिटांना सोन्याचा भाव आलाय, आणि पहिल्या अर्ध्या तासात एका संघाला दहा माणसांवर आणलं तर ‘रेफ्रीनं फायनल घालवली’ ही उद्याची हेडलाइन ठरलेली. म्हणून पहिल्या अर्ध्या तासात जे पिवळं असतं, तेच शेवटच्या दहा मिनिटांत लाल होतं. नियमात घड्याळाचा उल्लेख कुठेच नाही. रेफ्रीच्या डोक्यात मात्र ते टिकटिक करत असतं.

लवकर लाल दिलं की सामना मरतो, हे तरी खरं आहे का? २३ फेब्रुवारी २००८ चा बर्मिंगहॅम-आर्सेनल सामना आठवा. तिसऱ्याच मिनिटाला मार्टिन टेलरचा पाय उशिरा आला आणि आर्सेनलच्या एदुआर्दोचा पाय घोट्यापाशी असा मोडला, की ते चित्र मी एकदा बघितलं आणि पुन्हा शोधायला गेलो नाही. रेफ्री माइक डीननं सरळ लाल काढलं. पुढची जवळपास नव्वद मिनिटं बर्मिंगहॅम दहा जणांनी खेळलं. सामना मेला? उलट पहिला गोल त्यांनीच केला. मग आर्सेनलच्या वॉलकॉटनं दोन मारले आणि इंज्युरी टाइममध्ये पेनल्टीवर पुन्हा बरोबरी, २-२. त्या हंगामातला तो सर्वांत थरारक सामन्यांपैकी एक होता. टेलर काही खुनशी खेळाडू नव्हता, वेळ चुकली एवढंच. आर्सेनलचे कोच वेंगर रागाच्या भरात म्हणाले की याला पुन्हा खेळू देऊ नये, आणि नंतर त्यांनी ते शब्द मागे घेतले. तरी कार्ड लालच होतं आणि तेच बरोबर होतं.

‘मुद्दाम नाही केलं’ हा बचाव इथेच संपायला हवा. पण त्याच्याही आधी एक बचाव येतो, तो मी दर हंगामात ऐकतो.

मी कोल्हापूरचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, आमच्याकडे फुटबॉल म्हणजे पेठेची अब्रू. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल असे तालमींचे संघ, आणि शाहू स्टेडियमवर सामना असला की अर्धी पेठ झेंडे घेऊन गॅलरीत. एका सामन्यात (संघांची नावं घेत नाही, घरी राहायचंय) मी टचलाइनच्या अगदी वर बसलो होतो. विंगरनं चेंडू बाजूनं पुढे ढकलला, आणि बचावपटू चार पावलांवरून घसरत आला, दोन्ही पाय पुढे, स्टड (बुटाच्या तळाचे खिळे) वर. त्याचा अंगठा चेंडूला लागला, चेंडू थ्रोला गेला, आणि त्याच झटक्यात मागचा पाय विंगरच्या नडगीवर. शिनगार्डचा फाटकन आवाज वरपर्यंत आला. विंगरनं मोजा खाली केला, तर शिनगार्डच्या कडेला दोन पांढरे ओरखडे, आणि बघता बघता त्यांतून लाल फुटायला लागलं. माझ्यामागची अख्खी रांग उठून ओरडत होती, “बॉल घेतलाय! बॉल घेतलाय की रं!” पंचांनी खिशात हात घातला, एकदा गॅलरीकडे बघितलं, आणि पिवळं काढलं. दोन्ही बाजूंनी शिव्या खाल्ल्या.

तर मंडळी, बॉल घेतला होता. पण नियमाला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. फुटबॉलच्या नियमावलीतला बारावा नियम काढून बघा. नुसता निष्काळजीपणा असेल तर फ्री किक. समोरच्याच्या धोक्याची पर्वा न करता पाय घातला तर पिवळं. प्रमाणाबाहेर जोर लावला किंवा समोरच्याच्या सुरक्षिततेला धोका केला तर लाल, मग तो पाय समोरून येवो, बाजूनं येवो की मागून. ‘आधी चेंडूला लागला तर माफ’ असं वाक्य त्यात नाही. चेंडू मिळवल्यानंतर पायाला ब्रेक लागतो का, स्टड कुठे रोखलेत, दोन्ही पाय जमिनीवरून सुटलेत का, हे बघायचं असतं. मागून होणारे जीवघेणे टॅकल थेट लाल, हे १९९८ च्या वर्ल्ड कपपासून स्पष्ट करून ठेवलंय. तोवर घोटे निकामी होऊन मार्को व्हॅन बास्टेनसारखा खेळाडू तिशीत निवृत्त झाला होता.

याच न्यायानं उलटंही बोललं पाहिजे. पाय मोडला म्हणून कार्ड लाल, हेसुद्धा चूक. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये टॉटनहॅमच्या सोननं एव्हर्टनच्या आंद्रे गोमेसला मागून पाडलं. गोमेस तोल जाऊन दुसऱ्याच खेळाडूवर आदळला आणि त्याचा घोटा निखळला. रेफ्री पिवळं काढत होता. गोमेसचा पाय दिसल्यावर त्याचं लाल झालं. अपील केल्यावर ते लाल रद्द झालं, आणि माझ्या मते योग्यच झालं. २०२३ मध्ये कोपा लिबर्तादोरेसच्या सामन्यात ब्राझीलचा मार्सेलो चेंडू घेऊन पळत होता. त्याचा पाय टेकताना नेमका लुसियानो सांचेझच्या पायावर पडला आणि सांचेझचा गुडघा निखळला. मार्सेलोला लाल मिळालं आणि तो रडतच बाहेर गेला. तो तर टॅकलही करत नव्हता. ते दृश्य इतकं भयंकर होतं की रेफ्रीला काहीतरी करावंसं वाटलं, दुसरं कारण मला दिसत नाही.

चाहते म्हणून आपणही काही धुतल्या तांदळाचे नाही. १९९० च्या वर्ल्ड कपचा पहिला सामना, मिलानमध्ये कॅमेरून विरुद्ध मॅराडोनाची अर्जेंटिना. शेवटी शेवटी अर्जेंटिनाचा कानिजिया एकेकाला चुकवत सुटला. पहिल्या टॅकलमधून वाचला, दुसऱ्यातून धडपडत वाचला, आणि मग बेंजामिन मासिंगनं त्याला असा उडवला की मासिंगचा स्वतःचाच बूट पायातून निघाला. लाल मिळालं, कॅमेरूनचे नऊच राहिले, तरी ते १-० जिंकले. अंगानं केलेला तो धडधडीत गुन्हा होता. पण दुबळ्यानं जगज्जेत्याला हरवलं म्हणून जग तो आजही हसत हसत बघतं, आणि मीही बघतो. हाच टॅकल अर्जेंटिनाच्या खेळाडूनं कॅमेरूनवाल्यावर केला असता तर? सोडा.

गोलकीपरांना जी सवलत मिळते ती मात्र मला कधीच पटलेली नाही. बाहेर येणारा कीपर चेंडूसाठीच आलाय असं सगळे गृहीत धरतात. ५ डिसेंबर २००४ ला बेंगळुरूत फेडरेशन कपची फायनल होती, गोव्याचा डेम्पो विरुद्ध मोहन बागान. डेम्पोचा ब्राझिलियन स्ट्रायकर क्रिस्तियानो ज्युनियर संघाचा दुसरा, स्वतःचाही दुसरा गोल करताना बागानच्या कीपरशी धडकला आणि मैदानावरच कोसळला. तो पुन्हा उठला नाही. डेम्पो २-० जिंकला, आणि त्याची दहा नंबरची जर्सी क्लबनं निवृत्त केली. मृत्यूचं कारण हृदय बंद पडणं असं निघालं, म्हणून सगळा दोष त्या धडकेवर टाकता येत नाही. पण फायनल आहे म्हणून ‘दोघंही चेंडूसाठीच गेले’ म्हणत पुढे जाणाऱ्यांना मी हा सामना सांगतो.

आता कुणीतरी म्हणेलच, व्हीएआर आलंय, आता सगळं दिसतं. १७ ऑक्टोबर २०२०, एव्हर्टन विरुद्ध लिव्हरपूल. सामना सुरू होऊन दहा मिनिटंही झाली नव्हती आणि एव्हर्टनचा कीपर पिकफर्ड कात्री मारावी तसा व्हर्जिल व्हॅन डाइकच्या गुडघ्यात घुसला. लिगामेंट गेलं, व्हॅन डाइकचा हंगाम संपला. व्हीएआरनं तपासलं ते एवढंच, की व्हॅन डाइक ऑफसाइड (पास सुटताना बचावफळीच्या पुढे) होता का. होता. झालं, पेनल्टीही नाही आणि कार्डही नाही. खरं तर ऑफसाइड असला तरी समोरच्याचा गुडघा फोडायची मुभा नियमात नाही, लाल देता आलं असतं. पिकफर्ड पूर्ण सामना खेळला. इंज्युरी टाइममध्ये लिव्हरपूलचा विजयी वाटणारा गोल त्याच व्हीएआरनं सादियो माने या खेळाडूच्या केसभर ऑफसाइडसाठी रद्द केला आणि सामना २-२ सुटला. त्याच्या थोडंसंच आधी, नव्वदाव्या मिनिटाच्या आसपास, एव्हर्टनच्या रिचार्लिसननं थियागोच्या गुडघ्याच्या उंचीवर पाय घातला होता. तेव्हा रेफ्रीला पडदाही लागला नाही आणि विचारही करावा लागला नाही. सरळ लाल.