सार्वजनिक पाणपोया उभारल्याने प्लास्टिकच्या बाटल्यांचा कचरा खरोखर कमी होतो का?

तुम्ही लिहिले आहे की, तुमच्या तीर्थक्षेत्राच्या गावी नगरपालिका बसस्थानक, बाजारपेठ आणि मंदिर परिसरात पिण्याच्या पाण्याचे मोफत नळ बसवणार आहे आणि त्याने बाटल्यांचा कचरा घटेल का, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. माझ्या मते तो घटू शकतो, मात्र परगावाहून आलेल्या माणसाला ते पाणी निःशंक मनाने पिता आले तरच. मी अनेक वर्षे पाणीपुरवठ्याच्या कामात होतो, म्हणून या प्रश्नाकडे मी कचऱ्याच्या बाजूने न पाहता पाण्याच्या बाजूने पाहतो.

तुमच्या गावाशी सर्वांत जवळचे उदाहरण म्हणजे ओडिशातील जगन्नाथपुरी. जुलै 2021 मध्ये तेथे शहरभर चोवीस तास, थेट नळाला तोंड लावून पिता येईल असे पाणी देण्याची योजना सुरू झाली आणि यात्रेकरूंसाठी सुमारे 400 सार्वजनिक ठिकाणी पिण्याचे नळ देण्याचे ठरले. पुरीची वस्ती साधारण अडीच लाखांची, पण वर्षाला येणारे भाविक सुमारे 2 कोटी. या योजनेमुळे वर्षाकाठी 3 कोटी बाटल्या, म्हणजे सुमारे 400 टन प्लास्टिक वाचेल, असे तेव्हा राज्य सरकारने सांगितले होते. भागाकार केला तर एका बाटलीला तेरा ग्रॅमच्या आसपास वजन येते, तेव्हा आकडा अवास्तव वाटत नाही. तरी तो योजना सुरू होतानाचा अंदाज आहे आणि तो प्रत्यक्ष मोजमाप म्हणून कोणी पुढे करू नये.

पुरीकडून शिकण्यासारखी खरी गोष्ट ‘चोवीस तास’ या दोन शब्दांत आहे. आपल्याकडील बहुतेक गावांत पाणी दिवसातून तास-दोन तास किंवा एक दिवसाआड येते. उरलेल्या वेळात जलवाहिनी रिकामी असते, तिच्यात दाब नसतो आणि सांधे जिथे गळके असतात तिथून शेजारच्या गटाराचे पाणी आत ओढले जाते. सकाळी पाणी सुटल्यावर पहिली बादली गढूळ येते म्हणून घरची मंडळी ती सांडण्यासाठी किंवा झाडांसाठी वापरतात, त्यामागचे एक मोठे कारण हेच. शुद्धीकरण केंद्रातून निघालेले पाणी कितीही निर्मळ असो, वाटेत वाहिनी रिकामी राहिली की त्याची खात्री कोणी देऊ शकत नाही. वाहिनी सतत भरलेली असेल तर गळतीच्या जागी पाणी बाहेर जाते, घाण आत येत नाही. हे मोठ्या शहरांनाच परवडते असेही नाही. कराडशेजारच्या मलकापूरने चोवीस तास पाण्याची योजना राबवून दाखवली आहे. तुमच्या गावात ते आज शक्य नसेल, तर निदान नळांना पाणी स्वतंत्र, झाकणबंद आणि नियमित धुतल्या जाणाऱ्या टाकीतून मिळाले पाहिजे.

दुसरी गोष्ट तपासणीची. पुरीत बचत गटांतील महिलांना ‘जलसाथी’ म्हणून नेमले आहे. त्या मीटरची नोंद घेतात, बिले वसूल करतात आणि लोकांसमोर पाण्याची चाचणी करतात. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक जी ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणी करतो, ती कोणालाही पाहून समजेल इतकी साधी आहे. काचेच्या छोट्या नळीत खुणेपर्यंत पाणी घ्यायचे, त्यात ओटी द्रावणाचे थेंब टाकायचे आणि लगेच रंग पाहायचा. फिकट पिवळा रंग आला तर पाण्यात जंतू मारणारे क्लोरीन शिल्लक आहे. पाण्याला रंगच आला नाही तर ते पाणी निर्धोक मानता येत नाही. नळापाशी लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे, असे भारतीय मानक सांगते. मंदिराच्या रांगेतल्या माणसांसमोर रोज सकाळी ही चाचणी व्हावी आणि तारीख, वेळ व निष्कर्ष नळाशेजारच्या फळ्यावर खडूने लिहावा, असे मला मनापासून वाटते. वीस रुपयांची बाटली घेणारा माणूस मुख्यतः तिच्या झाकणाचे सील विकत घेत असतो. तेवढी खात्री नळाने दिल्याशिवाय तो बाटली सोडणार नाही.

आपल्याकडे पाणपोईची परंपरा जुनी आहे आणि तिच्यामागची भावना थोर आहे. मुंबईत दानशूर व्यापाऱ्यांनी बांधलेल्या दगडी प्याऊ अजून उभ्या आहेत. 1876 चे केशवजी नाईक कारंजे त्यांपैकीच. आज त्याच भावनेने कोणाच्या तरी स्मरणार्थ स्टीलचे कूलर बसवले जातात, परंतु देणगी यंत्रापुरती असते आणि पुढच्या देखभालीची जबाबदारी कोणाच्याच नावावर नसते. अशा कूलरमधील कार्बनचे फिल्टर पाण्यातील क्लोरीन काढून घेते. त्यानंतर टाकी महिनोन्‌महिने धुतली नाही तर तिथे जंतूंना अडवणारे काहीच उरत नाही, आणि चव सुधारलेले तेच पाणी तपासणीत नापास होते. म्हणून देणगीदारांना माझी विनंती असते की, एक यंत्र कमी द्या, पण पाच वर्षांच्या देखभालीची रक्कम वेगळी ठेवून द्या.

बांधणीतील लहान गोष्टीही निर्णायक ठरतात. तोटी आणि खालची जाळी यांच्यात लिटरची बाटली सरळ उभी राहील एवढे अंतर हवे. बहुतेक ठिकाणी बाटली तिरकी धरावी लागते, अर्धी भरते आणि माणूस पुन्हा त्या वाटेला जात नाही. हात धुण्याचा व चूळ भरण्याचा नळ काही पावले दूर आणि वेगळाच असावा, कारण एकाच तस्तात गुटख्याची पिंक दिसली की पाणी कितीही शुद्ध असले तरी ते कोणी पिणार नाही. सांडपाण्याला उतार द्यायला विसरू नये.

एक सावधगिरीचे उदाहरणही सांगतो. अमेरिकेतील व्हरमाँट विद्यापीठाने 2013 मध्ये आवारात बाटलीबंद पाण्याची विक्री थांबवली आणि बाटली भरून घेण्याची सोयही केली. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र असे दिसले की, आवारात येणाऱ्या बाटल्यांची दरडोई संख्या कमी न होता वाढली, कारण अनेकांनी पाण्याऐवजी साखरेची पेये घेतली. तेव्हा तुमच्या नगरपालिकेने पाण्याच्या बाटल्यांबरोबर शीतपेयांच्या बाटल्याही मोजाव्यात.

जागा निवडताना माणसाकडे वेळ किती आहे, हे पाहावे. एसटी पाच मिनिटे थांबते आणि विक्रेता बाटली घेऊन खिडकीशी येतो; नळ स्थानकाच्या मागच्या भिंतीला असेल तर प्रवासी खाली उतरणार नाही. फलाटालगत, गाडी लागते तिथे तो हवा. मंदिरात मात्र रांगेतला माणूस तास-दोन तास उभा असतो, तेव्हा मी पहिले नळ दर्शनरांगेत, दुसरे फलाटावर आणि उरलेले बाजारात बसवीन. एकही नळ लावण्यापूर्वी कचरा वर्गीकरण केंद्रावर यात्रेच्या एका आठवड्यात येणाऱ्या बाटल्यांचे वजन करून नोंदवून ठेवायला सांगा. पुढच्या वर्षी त्याच यात्रेच्या आठवड्यात पुन्हा वजन करता येईल, आणि भाविकांची संख्याही सोबत लिहिली असेल तर घट किती झाली हे तुम्हाला तुमच्याच गावच्या आकड्यांवरून सांगता येईल.