कोळंबीची इम्युनिटी वाढवायला कुठला बूस्टर चांगला?

तुम्ही लिहिलंय की रायगडात खाडीलगत दोन तळी आहेत, वेनामी जातीची कोळंबी सोडणार आहात, व्हाईट स्पॉट या व्हायरसच्या रोगाची धास्ती आहे आणि डीलर ताकद वाढवणारे म्हणून तीन बूस्टर गळ्यात मारतोय, त्यातला कुठला घेऊ. माझं मत विचाराल तर एकही नको, निदान आधी तरी नको. हा माझा दुखरा विषय आहे, त्यामुळे लांबण लागेल.

आमची पण दोनच तळी, एकेक एकराची, मी आणि माझा चुलतदादा भागीदारीत. पहिलं पीक बरं निघालं. दुसऱ्या वेळी पाऊस लांबला, तळाचा काळा गाळ ओलाच, वास मारणारा. मी म्हणत होतो भेगा पडेपर्यंत सुकू दे, बांधावर चिंबोऱ्या (खेकडे) चढू नयेत म्हणून चारी बाजूंनी जाळी लावू, पाणी भरल्यावर ब्लिचिंग पावडर मारून थांबू आणि मगच बीज, म्हणजे कोळंबीची पिल्लं, सोडू. दादाचं एकच, दिवाळीच्या आत बीज पडलंच पाहिजे आणि जाळीचे पैसे बूस्टरमध्ये घाल, कोळंबीच्या अंगात ताकद असली की रोग काय वाकडं करतोय! डीलरचा माणूस शेजारी उभा राहून मान डोलवत होता, तो काय नको म्हणणार आहे. घातले. बीटा ग्लुकन, व्हिटॅमिन सी, गुळाच्या पाण्यात भिजवलेलं प्रोबायोटिक, सगळं खाद्याला चोळून रोज, पहिल्या दिवसापासून. एका तळ्यात १ लाख ६० हजार बीज, म्हणजे फार दाटी पण नाही.

सत्तेचाळिसाव्या दिवशी पहाटे गेलो तर बांधावर बगळ्यांची रांग. किती खाल्लं ते बघायला ठेवतो त्या चेक ट्रेमधलं खाद्य तसंच पडलेलं, कोळंबी कडेला येऊन सुस्त फिरतेय, अंग लालसर, डोक्याचं कवच सोलून उजेडात धरलं तर पांढरे ठिपके. डिसेंबरची थंडी, त्यात हा व्हायरस जोर करतो. दोन दिवसांत पहिलं तळं गेलं, पाचव्या दिवशी दुसरं. हाती लागला तो माल २०० काऊंटचा, म्हणजे किलोला २०० नग इतका बारीक, सोडे करायला पण कोणी धड भाव देईना.

आता तुमच्या प्रश्नाकडे. कोळंबीच्या अंगात आपल्यासारख्या अँटीबॉडी तयारच होत नाहीत, त्यामुळे माशाला लस देतात तसा प्रकार तिच्यात चालत नाही. जे काय लढायचं ते तिच्या रक्तपेशी लढतात. यीस्टमधून काढलेलं बीटा ग्लुकन त्या पेशींना जरा जागं करतं हे खरं आहे, पण ते सतत द्यायचं नसतं, थोडे दिवस द्यायचं आणि थांबायचं, आम्ही दीड महिना रोज कोंबत होतो. व्हिटॅमिन सी लागतंच, चांगल्या खाद्यात ते असतंही. आणि बीज एसपीएफ आहे म्हणून निर्धास्त राहू नका, एसपीएफ म्हणजे ठरावीक रोग नसलेल्या मादीचं बीज, तुमच्या तळ्यात व्हायरस आला तर तेही मरतं. अँटिबायोटिकचा तर विचारच नको, व्हायरसवर चालत नाही आणि क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान सापडलं की एक्सपोर्टचा माल परत.

म्हणून पैसे आधी जाळीत, तळ सुकवण्यात आणि पाण्यात हवा मिसळणाऱ्या एरेटरमध्ये घाला. चिंबोरी व्हायरस अंगावर घेऊन फिरते आणि स्वतः मरत नाही, हेच मी दादाला तेव्हा ओरडून सांगत होतो. पहाटे पाण्यातला ऑक्सिजन ४ पीपीएमच्या खाली गेला किंवा अवकाळी पावसाने खारेपणा एकदम उतरला की कोळंबी आधीच अर्धी हरते, मग डबा कितीचाही असो.

एक मात्र कबूल करतो, आम्ही बीजाची पीसीआर टेस्ट, म्हणजे त्यात व्हायरस आहे का ते बघणारी लॅबची तपासणी, केली नव्हती. त्यामुळे दादा आजही म्हणतो की बीजच खराब होतं, ते अगदीच खोटं ठरवता येत नाही. ती टेस्ट तुम्ही करा, तीनशे भानगडी टळतात. आणि रोगट पाणी आम्ही ब्लिचिंग न मारता ओहोटीला खाडीत सोडलं, ती चूक आमच्या दोघांची, शेजाऱ्याने वर्षभर तोंड दाखवलं नाही. कोळंबीऐवजी जिताडा मासा करणार असाल तर हिशोब वेगळा, त्यात मला फारसं कळत नाही.

गणपतीत सगळे जमलो की हा वाद अजून निघतो. आता आमची तळी वेगळी आहेत. यंदा दादाने त्याच्या तळ्याला चारी बाजूंनी जाळी लावलीय, मी विचारलं तर म्हणाला, सापांसाठी लावलीय.